बाबांना 'स्ट्रेस सीटी परफ्यूजन' सांगितलंय. ब्लॉक तर दिसलाय, मग हे आणखी कशाला?

गुलबक्षी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, आमचे डॉक्टर चांगले आहेत आणि त्यांच्यावर विश्वासही आहे. पण तिथे सात मिनिटं मिळतात आणि घरी आल्यावर सत्तर प्रश्न पडतात, म्हणून हा धागा.

बाबा ७१ वर्षांचे. रोज पहाटे पर्वती चढतात. दिवाळीनंतर चढताना छातीत जड वाटायला लागलं, थांबलं की दोनेक मिनिटांत जातं. सपाटीवर काही नाही, सारसबागेभोवती चार फेऱ्या मारतात. ईसीजी ठीक, टूडी एको ठीक. मग सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या धमन्यांची चित्रं, केली. त्यात एलएडी म्हणतात त्या पुढच्या धमनीत, मधल्या भागात, ५० ते ६९ टक्के अरुंदपणा आणि जोडीला कॅल्शियम.

आता म्हणतात, पुन्हा सीटी करू. या वेळी औषध देऊन हृदयावर ताण आणायचा आणि स्नायूला प्रत्यक्ष रक्त किती पोचतंय ते मोजायचं. ते नको असेल तर स्ट्रेस थॅलियम, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून काढायचं हृदयाचं चित्र.

मामाचं म्हणणं, "साठ टक्के म्हणजे साठ टक्के. टाका स्टेंट आणि मोकळे व्हा, टेस्टांवर टेस्टा करून बिल वाढवतात." आई मामाच्या बाजूने. बाबा कुणाच्याच बाजूने नाहीत, ते पर्वतीला जातात. (सध्या बंद केलंय. म्हणजे आम्हाला तसं सांगितलंय.)

कुणी ही तपासणी केली आहे का? आणि नळी अरुंद आहे हे कळल्यावर आणखी काय मोजायचं राहतं?

भोचक भवानी | सोमवार, रात्री १०:२०

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

टेकडीवरचा | सोमवार, रात्री १०:४१

मामांशी अर्धा सहमत. बिल वाढवतात यावर. स्टेंटवर नाही.

मुठा_उजवा | सोमवार, रात्री ११:०५

डॉक्टर नाही, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पण प्रश्न आमच्या खात्याचाच आहे, म्हणून लिहितो.

खडकवासल्याहून निघालेला कालवा पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. वाटेत कुठे गाळ, कुठे भराव ढासळून पात्र निम्मं झालेलं. मी जीपमधून फिरून लिहायचो, अमुक मैलावर पात्र ५० टक्के. साहेब विचारायचे, "ते राहू द्या, टेलला, शेवटच्या टोकाला, पाणी पोचतंय का?" त्याचं उत्तर पात्र मोजून मिळायचं नाही. टेलच्या शेतात उभं राहावं लागायचं. तेही हिवाळ्यात नव्हे, कारण हिवाळ्यात सगळ्यांनाच पुरतं. उन्हाळी आवर्तन सुरू झालं, वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी एकदम मागणी केली, की खरं काय ते कळायचं.

बाबांची सीटी अँजिओ म्हणजे जीपमधली पाहणी. आता टेलच्या शेतात उभं राहायचंय, आणि औषध देऊन उन्हाळा आणायचाय.

गुलबक्षी | सोमवार, रात्री ११:१३

काका, हे सात मिनिटांत कुणी सांगितलं असतं तर धागाच काढला नसता!

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ११:१९

टेलला पाणी कधीच पोचत नाही. वर धायरीतच संपतं. हलके घ्या.

कृष्णधवल | मंगळवार, पहाटे ६:३०

मी रेडिऑलॉजिस्ट. पुण्यातच, पण कुठे ते लिहिणार नाही. गुलबक्षीताईंच्या वडिलांचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांनी काय करावं हे सांगत नाही. फक्त तपासणीबद्दल.

मुठा_उजवा यांची उपमा मी उद्यापासून ओपीडीत वापरणार आहे. पण एका ठिकाणी ती फसते. कालव्याला पाणी कमी आलं तर शेतकरी हतबल असतो. हृदयात मात्र शेतच दारं धरतं. पुढच्या बारीक रक्तवाहिन्या आपणहून रुंदावतात, अडथळा कमी करतात आणि रक्त ओढून घेतात. म्हणूनच वर बराच अरुंदपणा असूनही बसल्या जागी काही जाणवत नाही. लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं. विश्रांतीतला प्रवाह धमनी ८५ टक्क्यांच्या आसपास आवळेपर्यंत टिकून राहतो. कमाल प्रवाह मात्र त्याच्या खूप आधी, निम्म्याच्या आसपास, घसरायला लागतो.

आता हृदयाची अडचण अशी की ते विश्रांतीतही आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतं. हातापायाच्या स्नायूंसारखी शिल्लक त्याच्याकडे नसते. जास्त काम पडलं की जास्त रक्तच लागतं. विश्रांतीत एका ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण एक मिली, आणि पूर्ण जोरात त्याच्या तीन-चार पट. बारीक वाहिन्या विश्रांतीतच सगळ्या उघडून बसल्या असतील, तर पर्वती चढताना उघडायला उरतं काय?

५० ते ६९ टक्के हा तर सगळ्यात अडचणीचा पट्टा. तेवढ्याच अरुंदपणात एकाचा प्रवाह उत्तम असतो, दुसऱ्याचा अर्ध्यावर आलेला. ब्लॉक किती लांब आहे, त्याच्या पुढे किती स्नायू आहे, शेजारच्या धमन्यांनी आडवाटा काढल्यात का, यावर ते ठरतं. त्यात कॅल्शियम असलं की सीटीत ते फुगून दिसतं आणि अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. त्यामुळे "साठ टक्के म्हणजे साठ टक्के" हे मामांचं वाक्य दोन्ही अंगांनी लंगडं आहे.

मुठा_उजवा | मंगळवार, सकाळी ७:०२

शेतच दारं धरतं! वा. मान्य.

झिपरी | मंगळवार, सकाळी ९:४८

आमचा अनुभव सांगते, तपासणीचा नाही, न झालेल्या तपासणीचा. सासूबाईंना हेच सांगितलेलं. आदल्या सकाळपासून चहा बंद, कॉफी बंद, चॉकलेट बंद. सासूबाई आणि चहा बंद! घरात शोकसभा. सकाळी साडेसहाला रिक्षा करून गेलो, गाऊन घातला, दोन्ही हातांना सुया टोचल्या. आणि टेबलावर आडव्या झाल्यावर तिथली मुलगी विचारते, "आजी, दमा वगैरे नाही ना?"

अहो, सासूबाई पंचवीस वर्षं पंप ओढतायत! फॉर्मवर लिहिलेलं, पर्समध्ये पंप. झालं, ते औषध दम्याला चालत नाही म्हणे. सुया काढल्या, गाऊन काढला, घरी. सेंटरचं नाव लिहीत नाही, पण फॉर्म भरून घेतात तो वाचतात कधी, हे कुणी सांगेल का? येताना सासूबाईंनी रिक्षा थांबवून दोन कटिंग प्यायल्या आणि पहिल्यांदा बोलल्या.

चहाबाज | मंगळवार, सकाळी १०:०५

सासूबाईंना माझा नमस्कार कळवा.

पण चहा का बंद? रक्त मोजायचं हृदयात, आणि कारवाई माझ्या कपावर?

कृष्णधवल | मंगळवार, दुपारी २:१५

झिपरीताई, चूक सरळ सेंटरची. दमा आणि काही प्रकारचे हार्ट ब्लॉक, म्हणजे विजेच्या वहनातले, हे अपॉइंटमेंट देतानाच विचारायचे प्रश्न आहेत. (हार्ट ब्लॉक आणि नळीतला ब्लॉक वेगळे. या एका शब्दाने निम्मा गोंधळ घातलाय.)

चहाबाज, औषधाचं नाव अ‍ॅडेनोसिन. ते पेशींवरच्या ज्या कुलपात बसतं, त्याच कुलपात कॅफीन आधी जाऊन बसतं. मग औषध दिलं तरी धमन्या नीट उघडत नाहीत, उन्हाळा येतच नाही, आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. म्हणून १२ ते २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट नाही. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, ते लोक विसरतात. खोटं बोलून तपासणी करू नका. आमच्याकडे एकांनी "फक्त अर्धा कप" हे टेबलावरून उतरल्यावर सांगितलं होतं.

अ‍ॅडेनोसिन शिरेतून चारेक मिनिटं सोडतात. छाती भरल्यासारखी वाटते, चेहरा गरम होतो, धाप लागते. माणूस घाबरतो. पण रक्तात त्याचं आयुष्य काही सेकंदांचं, औषध सोडणारा पंप बंद केला की मिनिटभरात सगळं निवळतं.

सदाशिवपेठी | मंगळवार, दुपारी २:३०

दुपारी २:१५ ला उत्तर देणारे पुण्यातले डॉक्टर? प्रोफाइल तपासा.

आजीचा_बटवा | मंगळवार, दुपारी ४:५०

अर्जुनाची साल दुधात उकळून सकाळ-संध्याकाळ. माझ्या काकांचे तीन ब्लॉक गेले.

टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी ४:५८

गेले म्हणजे कुठे? आधीची आणि नंतरची अँजिओ टाका, मग बोलू.

आजीचा_बटवा | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

काकांनी नंतर अँजिओ केलीच नाही, गरजच पडली नाही.

टेकडीवरचा | मंगळवार, संध्याकाळी ५:२६

असो.

मुद्द्यावर येतो. कृष्णधवल, तुमचं सगळं पटलं, पण मोजून करायचं काय? 'इस्कीमिया' नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. ५,१७९ रुग्ण, सगळ्यांचा आजार स्थिर, आणि ताण दिल्यावर स्नायूला रक्त कमी पडतं हे तपासणीत दिसलेलं. निम्म्यांना औषधं आणि शिवाय अँजिओग्राफी करून जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक वगैरेंच्या एकत्रित हिशेबात ठोस फरक नाही. म्हणजे रक्त कमी पडतंय असं निघालं तरी गोळ्याच, आणि पुरतंय असं निघालं तरी गोळ्याच. मग किरणं आणि पैसे कशासाठी?

भोचक भवानी | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

हाच माझा प्रश्न. आणि किरणं म्हणजे किती? आधीच एक सीटी झालीये ना त्यांची.

कृष्णधवल | मंगळवार, रात्री ९:३५

टेकडीवरचा, अभ्यास बरोबर सांगितलात, पण त्याचा दुसरा अर्धा भाग राहिला. ज्यांना छातीत दुखत होतं, त्यांचं दुखणं स्टेंट-बायपासच्या गटात जास्त कमी झालं. शिवाय डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. तेव्हा आयुष्य वाढतं का, हा एक प्रश्न आणि पर्वती चढता येते का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी हे दुखणं त्याच नळीमुळे आहे का, हे कळायला हवं. प्रवाह नीट असलेल्या नळीत स्टेंट टाकला तर दुखणं जसंच्या तसं राहतं, आणि वर रक्त पातळ करायच्या गोळ्या मागे लागतात.

म्हणजे या तपासणीचा माझ्या लेखी मोठा उपयोग स्टेंट टाकायला नाही, न टाकायला आहे. आमच्या धंद्यात हे मोठ्याने बोलायचं नसतं.

भवानीताई, नव्या यंत्रावर या तपासणीचा डोस ढोबळमानाने ५ ते १० मिलिसिव्हर्ट. निसर्गातून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे दोन ते चार वर्षांचं निसर्गाचं देणं एका दमात. सत्तरीत ज्याला लक्षणं आहेत त्याला मी हो म्हणेन. तिशीतल्या, सहज 'हार्टचं चेकअप' करायला आलेल्याला नाही. थॅलियमही किरणांशिवाय होत नाही. आणि आता बहुतेक ठिकाणी त्यात थॅलियम नसतंच, टेक्नेशियम हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य असतं. नाव तेवढं राहिलंय.

गुलबक्षी | मंगळवार, रात्री १०:०२

डॉक्टर, मग थॅलियम का नको? ते वर्षानुवर्षं करतायत, मामालासुद्धा माहीत आहे. आणि मोजतात म्हणजे नेमकं काय करतात? चित्र बघून अंदाज, की खरंच आकडा येतो? बाबा निवृत्त गणित शिक्षक आहेत, "मोजतात" म्हटल्यावर त्यांनी कान टवकारलेत.

कृष्णधवल | मंगळवार, रात्री ११:२०

गणित शिक्षक असतील तर इस्कटून सांगतो. बाकीच्यांनी पुढची पोस्ट गाठावी.

शिरेतून आयोडीनचं औषध जोरात सोडतात, सेकंदाला पाचेक मिली. ते हृदयात येतं, महाधमनीत जातं, तिथून स्नायूत शिरतं. आपण तीसेक सेकंद, दर एक-दोन ठोक्यांना एक, अशी हृदयाची चित्रं घेत राहतो. रुग्णाने श्वास धरायचा. रुंद डिटेक्टरचं यंत्र अख्खं हृदय एका घासात घेतं. त्याहून अरुंद असेल तर टेबल पुढे-मागे धावतं, लूमच्या धोट्यासारखं.

सीटीतला करडेपणा हा मुळात आकडाच असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार. एककाला नाव हौन्सफील्ड यांचं, ज्यांना सीटीसाठी १९७९ चं नोबेल मिळालं, कॉरमॅक यांच्यासोबत. सीटीची खुबी अशी की आयोडीन दुप्पट झालं की आकड्यातली वाढही दुप्पट होते, सरळ प्रमाणात. एमआरआयच्या औषधाचं इतकं सरळ नसतं.

आता प्रत्येक ठिकाणचा वेळ आणि आकडा यांचा आलेख काढा. महाधमनीचा आलेख सुळक्यासारखा. स्नायूचा ठेंगणा, उशिरा चढणारा. स्नायूच्या आलेखाचा सर्वांत तीव्र चढ घ्या आणि महाधमनीच्या शिखराने भागा. समजा, महाधमनी ४०० ने वर गेली आणि स्नायू सेकंदाला ६ ने चढला. ६ भागिले ४०० म्हणजे ०.०१५, साठने गुणलं की ०.९. म्हणजे मिनिटाला दर १०० मिली स्नायूमागे ९० मिली रक्त. शेजारचा भाग सेकंदाला ३ ने चढत असेल तर ४५. झालं. यंत्रातल्या पद्धती याहून गुंतागुंतीच्या असतात, पण गाभा हाच.

थॅलियमचं नेहमीचं चित्र तुलनेवर चालतं, सगळ्यात उजळ भाग पूर्ण धरून बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे. तिन्ही धमन्या सारख्याच खराब असतील तर सगळंच सारखं फिकं आणि चित्र देखणं, असं होऊ शकतं. वर्गात सगळेच नापास झाले तर पहिला नंबर कुणाचा, तसं. आकडा असेल तर ते पकडता येतं. हीच गोष्ट पेट स्कॅन (किरणोत्सर्गी औषधाचाच आणखी एक प्रकार) जास्त भरवशाने करतो आणि प्रवाह मोजण्यात अजून त्याचाच शब्द शेवटचा. थॅलियम स्वस्त, जास्त ठिकाणी मिळतं, मागे मोठा अनुभव आहे, आणि मूत्रपिंड नाजूक असेल तर त्यात आयोडीन नाही. त्यामुळे डॉक्टर त्यालाही हो म्हणतायत यात चुकीचं काही नाही.

आता सीटीची पापं. पेटच्या तुलनेत ती प्रवाह कमी दाखवते. एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी भिडवता येत नाही. आणि पाठीचा कणा आणि औषधाने भरलेली पोकळी यांच्यामधून किरणं जाताना खालच्या भिंतीवर खोटी काळी सावली पडते. ती सावली पाहून कुणी "रक्त कमी" लिहिलं तर माणूस उगाच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या टेबलावर, जातो. वाचणारा हात मुरलेला हवा.

चहाबाज | मंगळवार, रात्री ११:४४

पुढची पोस्ट गाठली. पण मधली वाचून.

मामासाहेब_नव्हे | बुधवार, सकाळी ८:२०

सीटी अँजिओच्याच चित्रावरून संगणकाने दाबाचा हिशेब करतात ते एफएफआर-सीटी वेगळं ना? त्यात पुन्हा यंत्रात जावं लागत नाही असं ऐकलंय.

कृष्णधवल | बुधवार, दुपारी १:०५

वेगळं. त्यात ब्लॉकच्या आधीचा आणि नंतरचा दाब गणिताने काढतात. नंतरचा दाब आधीच्या ०.८० पट किंवा त्याखाली गेला तर अडथळा जाचक. दुसरं स्कॅन नाही, अ‍ॅडेनोसिन नाही. पण ते नळीबद्दल बोलतं. नळ्या स्वच्छ आणि बारीक वाहिन्याच आजारी, असंही असतं, विशेषतः बायकांमध्ये. "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलेल्या किती जणींचं हेच असतं. तिथे स्नायूतला प्रवाहच मोजावा लागतो.

भोचक भवानी | बुधवार, दुपारी १:३०

डॉक्टर, हे शेवटचं वाक्य प्रिंट काढून नवऱ्याच्या उशीखाली ठेवते. दोन वर्षं तेच ऐकतेय. व्यक्तिगत निरोप करू का?

कृष्णधवल | बुधवार, दुपारी १:३३

करा. पण आधी हृदयरोगतज्ज्ञांना गाठा, मला नंतर.

गुलबक्षी | पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री ९:१५

झाली तपासणी. वृत्तांत बाबाच लिहिणार म्हणतायत. त्यांनी हा अख्खा धागा चष्मा लावून वाचलाय. पुढचं त्यांचं, मी फक्त टंकते आहे.

"सर्वांना नमस्कार. प्रथम एक दुरुस्ती. पर्वतीच्या पायऱ्या १०३. मला ७२ व्या पायरीला जड वाटतं. चिरंजीव कन्या 'चढताना' असं मोघम लिहिते.

चहा २४ तास बंद होता. त्याविषयी बोलण्यासारखं काही नाही. दोन्ही हातांना सुया, एकीतून ताण, दुसरीतून रंग. औषध सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात ७२ वी पायरी आली. दुसऱ्या मिनिटात ९० वी. मी मनात सतराचा पाढा म्हटला, त्याने श्वासाकडे लक्ष जात नाही. मग श्वास धरायला सांगितलं. अंगभर गरम लाट आली आणि कपडे ओले झाल्याचा भास झाला, तसं काही झालं नव्हतं. पंप बंद झाला आणि मी थेट सारसबागेत उतरलो.

रिपोर्ट असा. मिनिटाला दर १०० मिली स्नायूमागे एलएडीच्या भागात ११२ मिली, बाकी ठिकाणी १२८ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, या यंत्रावर हे ठीक आहे, तूर्त स्टेंट नको. कोलेस्टेरॉलची गोळी, ठोके आवरणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. दुखणं वाढलं, बसल्या जागी आलं किंवा रात्री जागं केलं, तर फोन करून विचारत बसायचं नाही, थेट दवाखान्यात यायचं. मेहुण्यांना हे कळवलं आहे. त्यांनी 'बरं' म्हटलं.

श्री. कृष्णधवल यांना एक शंका. ११२ भागिले १२८ म्हणजे ०.८७५. फरक उरलाच की साडेबारा टक्क्यांचा. आणि हे सगळं ठीक असेल तर ७२ व्या पायरीला मला काय होतं?"

कृष्णधवल | शुक्रवार, रात्री १०:५०

सर, पहिल्याचं उत्तर: तेवढा फरक एकाच निरोगी हृदयाच्या दोन भिंतींतही दिसू शकतो, त्यावरून मी काही म्हणणार नाही. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि रिपोर्टातही नाही. पण प्रश्न नेमका हाच आहे. सहा आठवड्यांनी तुमच्या डॉक्टरांना याच शब्दांत विचारा, आणि गोळ्यांनंतर कितव्या पायरीला होतं ते लिहून न्या.

मुठा_उजवा | शनिवार, सकाळी ६:४०

सर, पायरीची नोंद रोज, तारखेसह. आमच्याकडे त्याला गेज वाचन म्हणायचे.

गुलबक्षी | शनिवार, सकाळी ७:३०

वही केली आहे. आजच्या तारखेपुढे ७८ लिहिलंय. म्हणजे हे आज गेले होते!